पंधरा घरं आणि जगभरचं गणगोत

वाचकांचे प्रश्न

या वेळच्या टपालात सोलापूर शहर आणि जिल्ह्यातली पत्रं जास्त आहेत. विषय वेगवेगळे असले तरी बहुतेक पत्रं फिरून एकाच ठिकाणी येतात: आपली मंडळी, म्हणजे आपलं गावचं चर्च, एवढीशी, मग 'जगभरची मंडळी' या शब्दांचा आपल्याला उपयोग काय? पत्रं थोडक्यात घेतली आहेत आणि नेहमीप्रमाणे नावं गाळली आहेत.

सलाम. अक्कलकोट रस्त्याच्या बाजूला आमची पंधरा घरांची मंडळी आहे. रविवारी पंचवीस माणसं जमली तर डोक्यावरून पाणी. पोरं पुण्याला, हैदराबादला गेली. पेटी वाजवणारा मुलगा गेल्या जूनमध्ये नोकरीला गेला, तेव्हापासून पेटीवर चादर टाकलेली आहे. पाळकसाहेबांकडे तीन मंडळ्या, ते महिन्यातून दोनदा येतात. पाहुणे उपदेशक आले की सांगतात, 'तुम्ही थोडे नाही, जगात दोनशे कोटींच्या वर ख्रिस्ती आहेत.' ऐकताना बरं वाटतं, घरी पोचेपर्यंत ओसरतं. आमचं चुकतंय कुठे?
— मंडळीचे एक वडील

तुमच्या विश्वासात काही चुकलेलं नाही, पाहुण्यांच्या गणितात चुकलंय. आकडा खरा आहे. पण त्या दोनशे कोटींतलं कुणी तुम्हाला नावानं ओळखत नाही, आणि तुम्हीही त्यांना ओळखत नाही. अनोळखी गर्दीनं धीर येत असता तर सोलापूर स्टेशनच्या फलाटावर उभं राहूनही आला असता.

एलीयाचा अध्याय पुन्हा काढून बघा (1 राजे 19). 'आता पुरे, माझा जीव घे' म्हणत तो रानात झुडपाखाली आडवा झाला; 'मीच एकटा उरलोय' हे तो पुढे म्हणतो. देवानं त्याला आधी आकडा सांगितला नाही. आधी झोपू दिलं. मग निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी उशाशी ठेवलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खाऊ घातलं. बआलापुढे गुडघे न टेकलेल्या सात हजारांचा उल्लेख येतो तो पार अठराव्या ओवीत, तोही हातात काम दिल्यानंतर. आणि त्या सात हजारांपैकी एलीयाच्या वाट्याला किती आले? एक. अलीशा, बारा जोड्यांतल्या शेवटच्या जोडीमागे नांगर धरून चाललेला. एलीयाला सोबत मिळाली ती या एका नावाची.

पौलाचंही तसंच. रोमकरांस पत्र त्यानं इ.स. 57 च्या सुमारास लिहिलं, तेव्हा त्यानं रोम पाहिलेलंही नव्हतं. तरी सोळाव्या अध्यायात तो सव्वीस जणांना सलाम सांगतो. चोवीस नावानिशी, उरलेल्या दोघींत एक रूफाची आई आणि एक नीरियाची बहीण. हा अध्याय आपल्याकडे बहुधा वाचताना गाळतात, कारण नावं जिभेवर नीट बसत नाहीत. पण पुढचं बघा. साधारण तीन वर्षांनी पौल कैदी म्हणून रोमच्या वाटेवर असताना तिथले बंधुजन त्याला सामोरे आले, काही जण थेट अप्पियाच्या पेठेपर्यंत. रोमपासून ते अंतर चौसष्ट-पासष्ट किलोमीटर. म्हणजे सोलापूरहून पायी निघून पंढरपूर जवळ येईपर्यंत चालायचं, तेही एका बेडी घातलेल्या माणसासाठी. लूक लिहितो की त्यांना पाहून पौलानं देवाचे आभार मानले आणि त्याला धीर आला (प्रेषित 28:15). रोममध्ये एकूण विश्वासणारे किती होते, हे तो लिहीतच नाही.

तेव्हा तुम्ही करायचं ते एवढंच: मोठ्या मंडळीतल्या दोन मंडळ्या नावानं धरायच्या. एक जवळची, सकाळी एसटीनं जाऊन संध्याकाळी परत येता येईल अशी. बार्शी, मोहोळ, पंढरपूर, अक्कलकोट, फार तर धाराशिव. दुसरी लांबची आणि वेगळ्या भाषेची, केरळातली किंवा मेघालयातली. लांबची मंडळी शोधायला इंटरनेटवर बसू नका. तुमच्या पाळकसाहेबांबरोबर शिकलेलं कुणीतरी तिकडे असतंच, त्यांच्या मार्फत जा. दोनच का? पाच धरल्या की तिसऱ्या महिन्यापासून एकही सांभाळली जात नाही.

पहिलं पत्र कमिटीच्या वतीनं जाऊ द्या आणि ते एका पानाच्या वर नको. घरं किती, उपासना किती वाजता, सध्या आजारी कोण, या वर्षी बाप्तिस्मा-लग्नं कुणाची, आणि तुमच्याकडे सगळ्यांना पाठ असलेलं गीत कोणतं. त्यांच्याकडूनही हीच पाच उत्तरं मागा. पैशाचा विषय पहिल्या वर्षात काढायचाच नाही, मागायचा नाही आणि द्यायचाही नाही.

मग दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मध्यस्थीच्या प्रार्थनेत सात मिनिटं या दोन मंडळ्यांसाठी राखून ठेवा. दोनशे पानी वही करा: तारीख, विनंती, पुढे काय झालं. तिसरा रकाना रिकामा राहतो तिथेच हा उपक्रम मरतो, कारण 'त्या बाईंचं ऑपरेशन कसं झालं?' हे कुणी विचारलंच नाही. म्हणून वही पाळकांकडे देऊ नका. बातमी काढायची हौस असलेल्या बाईकडे द्या. अशी एक प्रत्येक मंडळीत असते. आणि प्रार्थना नेमकी असू द्या. 'प्रभू, जगभरातल्या सर्व मंडळ्यांना आशीर्वाद दे' हे वाक्य बरोबर आहे, पण त्यानं कुणाचा चेहरा डोळ्यापुढे येत नाही. मात्र आजाराचं नाव माइकवरून घेण्याआधी त्या घरची परवानगी घ्या. या एका चुकीनं दोन मंडळ्यांतलं बोलणं कायमचं बंद पडू शकतं.

व्हॉट्सॲपवर छळाचे व्हिडिओ येतात, तारीख नाही, गाव नाही. ते उपासनेत वाचू किंवा दाखवू नका. ज्या बातमीला गाव, तारीख आणि ओळखीचा सांगणारा नाही, तिच्यामुळे आधीच थोड्या असलेल्या माणसांत फक्त भीती वाढते. पेत्रानं आपलं पहिलं पत्र पंत, गलतिया, कप्पदुकिया, आसिया आणि बिथुनिया अशा पाच प्रांतांची नावं घालून लिहिलंय, आणि जगातल्या तुमच्या बंधुवर्गावर तशीच दुःखं येत आहेत हेही त्यातच म्हटलंय (5:9).

भेटीसाठी पाचवा रविवार धरा. वर्षात असे महिने चार असतात, एखाद्या वर्षी पाच. त्या दिवशी निम्म्यांनी जवळच्या मंडळीत जायचं, निम्म्यांनी घरची उपासना चालवायची. पुढच्या पाचव्या रविवारी ते तुमच्याकडे. एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत. 'मंडळीत उरल्या बायका आणि म्हातारी माणसं' ही तक्रार निदान इथे तरी फायद्याची. दशम्या आणि शेंगाचटणी बरोबर न्या, यजमानांवर बारा-तेरा पानांचा भार टाकू नका. त्यांच्याही पंधराच चुली असतील.

राहिली पेटी. जवळच्या मंडळीतून वाजवणारा मुलगा पाचव्या रविवारी मागा, पण वाजवायला नव्हे. तुमच्या दोन मुलींना शिकवायला. तोवर टाळ आणि ढोलकी पुरेशी आहे. रेव्हरंड ना. वा. टिळकांची अभंग-भजनं पेटीवाचून अडत नाहीत.

उपासनेत आम्ही मतांगीकार (विश्वासाची कबुली) म्हणतो, त्यात 'पवित्र सार्वत्रिक मंडळी' असे शब्द आहेत. इंग्रजी शाळेत जाणारी नात म्हणते, इंग्रजीत त्या जागी 'कॅथलिक' आहे. मग आपण नक्की कोण?
— एक आजोबा, रेल्वे लाईन्स

नातीनं बरोबर वाचलंय. मूळ ग्रीक शब्द 'कथोलिकोस', म्हणजे 'संपूर्णाला धरून असलेलं'. मंडळीसाठी हा शब्द पहिल्यांदा सापडतो तो अंत्युखियाचा बिशप इग्नाती याच्या पत्रात, इ.स. 110 च्या आसपास. शिपायांच्या पहाऱ्यात त्याला रोमला मरणदंडासाठी नेत होते, आणि वाटेत तो स्मुर्णाच्या मंडळीला लिहितो की जिथे येशू ख्रिस्त तिथे कथोलिक मंडळी. पूर्व आणि पश्चिम मंडळीची फाटाफूट 1054 सालची, प्रोटेस्टंट सुधारणा सुरू करणारा ल्यूथर 1517 चा. हा शब्द त्या दोन्हींहून कितीतरी शतकं जुना आहे, म्हणून कुठल्याही एका पंथाची ती खासगी मालमत्ता होत नाही. इ.स. 325 साली निकियात सुरू झालेला आणि 381 मध्ये कॉन्स्टँटिनोपलला पुरा झालेला मतांगीकारही 'एक, पवित्र, सार्वत्रिक, प्रेषितीय' अशीच मंडळी मानतो, आणि तो रोमन कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, मार थोमा सगळेच मान्य करतात.

आपला 'सार्वत्रिक' हा मराठी शब्द चांगला आहे, फक्त थोडा उणा पडतो. त्यातून 'सर्व ठिकाणी' एवढंच ऐकू येतं. मुळात 'संपूर्ण' हाही अर्थ आहे. पौल करिंथकरांना लिहिताना 'करिंथातली देवाची मंडळी' म्हणतो, 'देवाच्या मंडळीची करिंथ शाखा' म्हणत नाही. पोस्टाची शाखा आणि हेड ऑफिस असं हे नातं नाही. वर ज्यांचं पत्र घेतलंय त्यांची पंधरा घरं म्हणजे मोठ्या मंडळीचा तुकडा नाही. वचन, बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन तिथे आहे, म्हणजे मंडळी तिथे पुरी आहे.

सोलापुरात तर या शब्दाचा अर्थ जुन्या सभासद वहीतही सापडेल. इथल्या जुन्या मंडळ्या अमेरिकन मराठी मिशनच्या. त्या मिशनचे पहिले लोक 1813 मध्ये मुंबईला उतरले. ते काँग्रिगेशनल होते, म्हणजे प्रत्येक मंडळी आपापल्या कारभारात स्वतंत्र. 1924 मध्ये काँग्रिगेशनल आणि प्रेस्बिटेरियन मिळून युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया झालं. मग चाळीसेक वर्षांच्या बोलण्यांनंतर 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूरला सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. त्यांत अँग्लिकन होते, बाप्टिस्ट होते, ब्रदरन, डिसायपल्स, ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट आणि हे युनायटेड चर्च. बिशप नकोच म्हणणारे आणि बिशपाशिवाय चालणारच नाही म्हणणारे एका छताखाली आले. लहान बाळांचा बाप्तिस्मा मानणारे आणि न मानणारेही. नातीला सांगा, आपण नुसता 'सार्वत्रिक' शब्द म्हणत नाही, तो बराच खटाटोप करून थोडाफार आचरलाही आहे.

जानेवारीत ऐक्याचा प्रार्थना सप्ताह असतो असं कळलं. आमच्या भागात सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), मेथडिस्ट, कॅथलिक, दोन पेंटेकॉस्टल मंडळ्या आणि एक तेलुगू मंडळी आहे. दोन वर्षांपूर्वी एकदा एकत्र सभा घेतली, ती भांडणात संपली. पुन्हा करायची तर कशी?
— तरुण संघाचे सेक्रेटरी, सोलापूर

सप्ताह 18 ते 25 जानेवारी. 1908 पासून चालत आलेला आहे, आणि 1968 पासून त्याची उपासना जागतिक मंडळी परिषद आणि व्हॅटिकन मिळून काढतात. मसुदा दर वर्षी वेगळ्या देशाचे ख्रिस्ती लोक करतात. 2013 चा भारतातून गेला होता, मीखा 6:6-8 वर, आणि त्याच्या मध्यभागी दलितांचा अनुभव होता. म्हणजे त्या वर्षी जगभरच्या मंडळ्यांनी आपले शब्द घेऊन प्रार्थना केली. तरुणांना हे आधी सांगा, मग कामाला लावा.

भांडण कशावरून झालं ते तुम्ही लिहिलं नाही, पण असल्या सभा मोडायच्या जागा ठरलेल्या आहेत.

पहिली जागा प्रभुभोजन. सीएनआय इतर मंडळ्यांच्या प्रभुभोजन घेणाऱ्या सभासदांना सहसा आपल्या मेजाशी येऊ देते. कॅथलिक ख्रिस्तसभेत इतर पंथीयांना पवित्र कम्युनियन सर्वसाधारणपणे दिलं जात नाही, आणि तिच्या लोकांनीही दुसरीकडे घ्यायचं नसतं. हा कुणाचा मोठेपणा किंवा हट्ट नव्हे, मेजाचा अर्थ वेगळा लावल्यामुळे तसं आहे. म्हणून सप्ताहात प्रभुभोजन ठेवूच नका. 'निदान भाकर तरी मोडू या' असा मधला मार्गही नको. अर्ध्यांना ते प्रभुभोजन वाटतं, अर्ध्यांना त्याची थट्टा. सभेनंतर चहा-चिवडा द्या, त्यात कुठला वाद नाही.

दुसरी जागा वेळ. आठ दिवस करायला जाऊ नका, तीन संध्याकाळी पुरेत. तीन वेगळ्या इमारतींत, आणि जिची इमारत तिच्या पाळकानं उपदेश करायचा नाही. सभा पन्नास मिनिटांची: गीतं तीन, एक स्तोत्र आळीपाळीनं, दोन वाचनं, संदेश बारा मिनिटं, मध्यस्थी दहा, मतांगीकार, प्रभूची प्रार्थना, आशीर्वाद. संदेशाची बारा मिनिटं कागदावर लिहून द्या आणि पुढच्या बाकावर घड्याळ घेऊन एकाला बसवा. पाच पाळक पाच-पाच मिनिटं 'दोन शब्द' बोलले की सभा दोन तास चालते आणि दुसऱ्या दिवशी निम्मी माणसं येत नाहीत.

प्रार्थनेच्या पद्धतीवरूनही घसरतं. पेंटेकॉस्टल मंडळ्यांत सगळे एकदम मोठ्यानं प्रार्थना करतात, बाकीचे गप्प बसून एकाचं ऐकतात. दोघांनाही दुसऱ्याचं देवभीरूपण कळत नाही. मध्यस्थीच्या दहा मिनिटांत दोन्ही बसवा: चार मिनिटं छापील प्रार्थना, तीन मिनिटं पूर्ण शांतता, तीन मिनिटं एकत्र मोठ्यानं. आणि प्रत्येक भागाआधी चालकानं एका वाक्यात सांगायचं की आता काय होणार आहे. अचानक झालेल्या गोष्टीनं माणसं बिथरतात, सांगून झालेल्या गोष्टीत सामील होतात.

आता अगदी बारीक, पण दर सभेत घडणारी गोष्ट. प्रभूची प्रार्थना म्हणताना कॅथलिक जन वाइटापासून सोडवण्याच्या ओळीवर थांबतात. बाकीचे 'राज्य, पराक्रम व गौरव' म्हणत पुढे जातात. मध्येच अर्ध्या सभेचा आवाज तुटतो, माणसं मान वळवून बघतात, आणि ऐक्याच्या सभेत नेमकं वेगळेपण ऐकू येतं. मधल्या शब्दांतही थोडा फरक आहेच. उपाय सोपा: पूर्ण प्रार्थना आणि मतांगीकार एका कागदावर मोठ्या टायपात छापा, शेवटच्या ओळीसकट, आणि सगळ्यांच्या हातात द्या. दीडशे माणसं धरली तर पावणेदोनशे प्रती. फोनवर पाठवलेली पीडीएफ ज्येष्ठांच्या कामाची नाही.

वाचन मराठी, तेलुगू आणि कन्नड असं तिन्हींत ठेवा, पण एकच उतारा तीनदा वाचू नका. पहिलं वाचन मराठीत, स्तोत्र तेलुगूत, दुसरं वाचन कन्नडात, आणि तिन्हींचे संदर्भ त्या कागदावर. ज्याला भाषा येत नाही तो आपलं पवित्र शास्त्र उघडून बघेल. आणि तेलुगू मंडळीला फक्त 'एक स्पेशल गीत' देऊन बोळवू नका. त्यांना हे दर वेळी जाणवतं, बोलून दाखवत नाहीत एवढंच.

अर्पण कुठे जाणार ते आधीच ठरवा आणि सभेत जाहीर करा. मोजायला दोन वेगळ्या मंडळ्यांचे दोन माणसं बसवा, आकडा त्याच रात्री सगळ्या सेक्रेटरींना कळवा.

पहिली बैठक नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात घ्या. नाताळानंतर ठरवू म्हटलं की संपलं: डिसेंबर कॅरोलमध्ये जातो, नवीन वर्षाचा पहिला आठवडा थकव्यात, आणि मग सिद्धेश्वर यात्रेचा गड्डा सुरू होतो. जानेवारीत होम मैदानाच्या बाजूला रिक्षा मिळायची मारामार, म्हणून त्या भागातली इमारत 25 तारखेकडे ढकला.

फेसबुकवर एका परदेशी मंडळीशी ओळख झाली. ते आमच्यासाठी प्रार्थना करतात, आम्हाला खूप आधार वाटतो. आता प्रार्थनागृहाच्या पत्र्यांसाठी पैसे पाठवतो म्हणतात, माझा खाते नंबर मागितला आहे.
— एक वाचक, जुळे सोलापूर

देऊ नका. मंडळीच्या कामासाठी परदेशातून पैसे घ्यायचे तर संस्थेची एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली केंद्रीय गृह मंत्रालयाकडे नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, आणि ते पैसे फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच येऊ शकतात. तुमच्या वैयक्तिक खात्यात ते आले तर कायदा मोडला तुम्ही, त्यांनी नव्हे. नोंदणी असलेल्या दुसऱ्या संस्थेनं घेऊन तुम्हाला पुढे द्यावेत, ही वाटही 2020 च्या दुरुस्तीनं बंद झाली. आणि 'पैसे सोडवायला आधी थोडी फी भरा' असं समोरून आलं, तर ती मंडळी नाहीच, ठग आहे.

खरी मंडळी असेल तर त्यांना सरळ लिहा: आमच्या देशाच्या कायद्यामुळे घेता येत नाही, प्रार्थना चालू ठेवू या. नातं टिकलं तर ते प्रार्थनेचंच होतं असं समजा. पौल यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी नेताना एकटा गेला नाही, मंडळ्यांनी निवडलेली माणसं बरोबर घेतली, कुणाला बोट ठेवायला जागा राहू नये म्हणून (2 करिंथ 8:19-21). पत्र्यांचे पैसे जिल्ह्यातूनच गोळा करा, दोन सह्यांच्या खात्यात. आणि हो, त्या वर्गणीत मासेदोनियाच्या मंडळ्या स्वतः कंगाल असून आग्रह करून सामील झाल्या होत्या, हे आपल्या कमिटीलाही एकदा वाचून दाखवा. सतत घेणाऱ्या मंडळीला आपण मोठ्या मंडळीचे आहोत असं कधी वाटत नाही, आश्रित आहोत असं वाटतं.

मुलगा हिंजवडीला नोकरीला लागून दीड वर्ष झालं. इथे संडे स्कूल शिकवायचा, तिथे कुठल्याच मंडळीत जात नाही. विचारलं की 'ऑनलाइन बघतो' म्हणतो.
— एक आई, विजापूर रोड

त्याला फोनवर रागावण्याआधी एक चौकशी करा: तो जाताना मंडळीनं त्याला शिफारसपत्र दिलं होतं का? बहुतेक नाहीच. पत्र मागितलं जातं ते लग्न ठरल्यावर, नाहीतर दफनाच्या वेळी. मग अनोळखी शहरात, तीनशे माणसांच्या उपासनेत मुलगा मागच्या बाकावर बसतो, कुणी विचारत नाही, तो चौथ्या रविवारी जायचा थांबतो.

पत्र आजही मागता येतं. पाळक आणि सेक्रेटरीची सही, बाप्तिस्म्याची आणि दृढीकरणाची तारीख, सभासद वहीतला क्रमांक एवढं असतंच. त्यात एक ओळ वाढवून घ्या: हा मुलगा काय करू शकतो. 'तीन वर्षं संडे स्कूलचा पाचवी ते सातवीचा वर्ग घेतला' असं लिहिलेलं पत्र हातात पडलं की तिथले पाळक त्याला दुसऱ्याच आठवड्यात बोलावतील. पत्र मुलाच्या हाती देऊन थांबू नका. प्रत थेट तिथल्या पाळकांना पाठवा आणि तुमच्या पाळकसाहेबांना एक फोन करायला सांगा. घरापासून अर्ध्या तासात पोचता येईल अशीच मंडळी निवडा. पुण्याच्या दुसऱ्या टोकाची 'आपली' मंडळी दर रविवारी गाठणं त्या वाहतुकीत होत नाही, आणि जवळची मेथडिस्ट किंवा मार थोमा असली म्हणून बिघडत नाही.

वर सांगितलेला रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय असल्याच एका शिफारशीनं सुरू होतो. किंख्रियाच्या मंडळीची सेविका फिबी हिला स्वीकारा आणि तिला लागेल ती मदत करा, कारण ती स्वतः पुष्कळांना मदत करणारी आहे, असं पौल लिहितो. ती काय करते, हे त्यानं गाळलेलं नाही.

वय 78. तीस वर्षं विड्या वळल्या, आता मणक्यानं उठवत नाही, डोळ्यांनी वाचवत नाही. चार वर्षं झाली, उपासनेला गेले नाही. सून पत्र लिहून देते आहे. मी अजून मंडळीत आहे का?
— एक आजी, सोलापूर

आजी, सलाम. आहात. इ.स. 155 च्या सुमाराला रोममधला ख्रिस्ती शिक्षक युस्तीन रविवारच्या उपासनेचं वर्णन लिहून ठेवतो, त्यात तो सांगतो की जे येऊ शकले नाहीत त्यांच्याकडे डीकन भाकर आणि द्राक्षारस घेऊन जात. म्हणजे न येणारे तेव्हाही मोजले जात होते. सुनेला सांगून पाळकसाहेबांना निरोप द्या की महिन्यातून एकदा घरी प्रभुभोजन हवंय. हा तुमचा हक्क आहे, उपकार नव्हे. रविवारच्याच दिवशी, उपासना संपल्यावर लगेच आले तर उत्तम, आणि बरोबर मंडळीतलं एखादं माणूस हवं. नुसते पाळक आले की ती डॉक्टरची भेट वाटते.

वाचवत नाही तर मोबाइलवर मराठी पवित्र शास्त्र ऐकता येतं. सुनेनं रोज एकच अध्याय लावून द्यावा, एका वेळी दोन-तीन नको, मन भरकटतं.

आणि तुमच्यासाठी काम. तुम्ही रविवारी सकाळी दहाला डोळे मिटाल तेव्हा टोंगा बेटांवर संध्याकाळचे साडेपाच झालेले असतात, तिथली सकाळची उपासना होऊन गेलेली असते. केरळात तुमच्याबरोबरच चालू असते. नैरोबीत साडेसात वाजलेले असतात, माणसं निघायच्या तयारीत. लंडनमध्ये हिवाळ्यात अजून अंधार असतो. उपासना अशी हातोहात पुढे जात असते, त्यात दहा वाजताची एक जागा तुमची. मार्चच्या पहिल्या शुक्रवारी जागतिक प्रार्थना दिन असतो. त्याची उपासना दर वर्षी एका वेगळ्या देशाच्या स्त्रिया लिहितात; 2024 ला पॅलेस्टाइन होता, 2025 ला कुक बेटं. महिला मंडळाला सांगा की त्या दिवशी सभा भर दुपारी चर्चमध्ये घेण्यापेक्षा संध्याकाळी तुमच्या खोलीत घ्या. मार्चमध्येच इथे ऊन काय असतं ते त्यांनाही ठाऊक आहे. दहा बायका तुमच्या खोलीत मावतील, कॉट भिंतीला लावली तर बारा.

रोजच्या प्रार्थनेला वारानुसार एकच घर धरा. सोमवारी कोण, मंगळवारी कोण, ते सुनेनं मोठ्या अक्षरात पुठ्ठ्यावर लिहून उशाजवळ टांगावं, तुम्हाला दिसत नसलं तरी येणाऱ्याला दिसेल. ज्या घराचा वार असेल त्यांना सकाळी सुनेच्या फोनवरून एक आवाजी निरोप जाऊ द्या, अर्ध्या मिनिटाचा: 'आज तुमचा वार, काय मागू?' कुणी उत्तर दिलं नाही तर वाईट वाटून घेऊ नका, पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारा. तीनदा विचारूनही नाही आलं तर ते नाव पाळकसाहेबांना सांगा. त्या घरी कुणीतरी जायला हवंय.